वळणावरचे दोन डिपर

गाडीचे बल्ब घ्यायला निघालेला माणूस सोबत काय नेतो? फार तर जुना बल्ब नेतो, नमुना म्हणून. ताराचंद पराते पिशवीत स्टीलची ताटली घालून गेला.

हसू नका. ज्याचा जन्म नागपूरच्या इतवारी बाजारात भांडी विकण्यात गेला, त्या माणसाला उजेड कसा आहे हे ताटलीवरच कळतं. दुकानात नवी ट्यूबलाइट लावली की ताराचंद आधी तिच्याखाली ताटली धरायचा. ताटली चमकली तर ट्यूब चांगली, नाही चमकली तर परत. या एका कसोटीवर त्याचं दुकान आजवर झगमगत आलं होतं. मग तीच कसोटी गाडीला का लागू पडू नये? त्याच्या मनात तिळभरही शंका नव्हती.

जितेंद्रचं गाडीच्या सामानाचं दुकान नंदनवन वस्तीत, ताराचंदच्या घरापासून चार पावलांवर. सीट कव्हर, हॉर्न, आरशाला टांगायच्या प्लास्टिकच्या लिंबू-मिरच्या, सगळं तिथं मिळायचं. हेडलाइटचे बल्ब त्याने एका फळीवर ओळीने बसवून ठेवले होते. बटण दाबलं की एकेक पेटायचा. ताराचंदने पिशवीतून ताटली काढली आणि फळीसमोर धरली.

"काका, जेवाले आले का इथी?" जितेंद्र म्हणाला.

"तू बटन दाब. चेष्टा मग कर."

जितेंद्रने पहिला लावला. साधा हॅलोजन, पिवळट. ताटली जागची हलली नाही म्हणावं तशी मख्ख राहिली. मग दुसरा लावला. "हा झेनॉन, चार हजार केल्विनवाला. जरासा पिवळेपणा आहे याच्यात, पण रस्त्यावर याचाच उजेड जास्त पडते." ताटली बरी दिसली, नाही असं नाही. मग तिसरा लागला, सहा हजारवाला, पांढराफेक, आणि ताटली अशी लखलखली की काठावर कोरलेलं 'सौ. प्रेमिला' थेट डोळ्यांत घुसलं. ताराचंद नुसता पाहत राहिला.

ही ताटली दुकानातली नव्हती, घरची होती. लग्न झालं त्या वर्षी त्याने स्वतः मशीन धरून तिच्यावर नाव घातलं होतं. 'प्रे'ची मात्रा जरा वाकडी गेली होती आणि त्यावरून प्रेमिला अजून त्याला चिडवायची. म्हणजे, घरी असती तर चिडवलं असतं.

प्रेमिला त्याची बायको. ती खाप्याला होती, वडिलांजवळ. देवरावांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, आणि म्हातारा गाव सोडून नागपूरला यायला काही केल्या तयार होईना. कन्हान नदीचं पाणी पिणाऱ्याला तुमच्या नळाचं पचत नाही, म्हणे. एकुलती एक लेक. मग तीच गेली. महिनाभरासाठी म्हणून गेली आणि दोन पावसाळे उलटून गेले तरी तिथंच होती. यात कोणाची चूक नाही. बापाला टाकून ये, असं ताराचंद कधी बोलला नाही आणि बोलणारही नव्हता. पण म्हणून माणसाला करमतं, असं थोडंच आहे?

त्याला करमत नव्हतं. दिवसभर गिऱ्हाइकांची कटकट असायची, तोवर ठीक. सांज झाली की घरी जायला पाय निघायचा नाही. इतकी वर्षं दुकानातून आलं की दोघं बाहेरच्या पायरीवर बसून चहा प्यायची. फार बोलायचीच असंही नाही. ती तांदूळ निवडायची. तो एखाद्या गिऱ्हाइकाची गंमत रंगवून सांगायचा. ती म्हणायची, "तुमचं काहीतरीच!" झालं, एवढंच. पण ते 'तुमचं काहीतरीच' कानावर पडल्याशिवाय त्याचा दिवस संपत नसे. आता मोबाइलवर बोलणं व्हायचं, पण मोबाइलवर माणूस काय सांगणार? बाबांची गोळी दिली का, गॅस बंद केला का, कुलूप लावलं का.

तो दर रविवारी खाप्याला जायचा. पण खाप्यातला रविवार म्हणजे जत्रा. देवरावांना पाहायला चार माणसं, मालिश करणारा, संत्र्याचा सौदा करायला आलेले दोघे, वाटेतून जाता जाता डोकावणारी चुलत-मावस मंडळी. प्रेमिला चुलीपासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून चुलीपर्यंत. चहा ताराचंदलाही मिळायचा, पण पाहुण्यांच्या ट्रेमधला. आणि ऊन कललं रे कललं, की तिची घाई सुरू: "निघा आता, अंधार पडीन." तो निघायचा. बायकोला पाहून यायचा आणि बायकोला भेटलोच नाही असं वाटून घरी पोहोचायचा.

आधी असं नव्हतं. सुरुवातीला तो शनिवारीच जायचा. बाजार उठला की निघायचा आणि मुक्काम करायचा. खाप्याच्या अलीकडे एक वळण आहे. तिथून देवरावांच्या घराची गच्ची दिसते. त्या वळणावर आला की तो दोन वेळा डिपर मारायचा, म्हणजे हेडलाइटची दोनदा उघडझाप करायचा. गच्चीवरून प्रेमिलाला दिसायचं, ती खाली जाऊन चहा ठेवायची, आणि हा दारात पोहोचेस्तोवर चहाला उकळी आलेली असायची. बाबा झोपलेले, पाहुणे कोणी नाहीत, हातात चहा. ताराचंदचा आठवडा त्या एका कपावर चालायचा.

मग मागच्या हिवाळ्यात त्याची गाडी वावरात गेली. समोर कापसाची ट्रॉली होती, मागे ना लाल दिवा ना चमकणारी पट्टी. त्याला दिसली तेव्हा ब्रेक मारून उपयोग नव्हता, म्हणून त्याने गाडी सरळ कोणाच्या तरी तुरीत घातली. कपाळाला खोक पडली, तेवढ्यावर निभावलं. त्या पट्टी बांधलेल्या कपाळावर हात ठेवून प्रेमिला म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाले. धड दिसत नाही तोवर अंधारात गाडी चालवायची नाही."

धड दिसत नाही तोवर. या चार शब्दांना धरून ताराचंदने वर्ष काढलं. आधी डोळे दाखवले. मोतिबिंदू निघाला. एका डोळ्याचा काढला, मग दुसऱ्याचा. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही दूरवरची पाटीही वाचाल. म्हणजे डोळे झाले, राहिली गाडी. गाडीला उजेड आला की शपथ सुटली, शपथ सुटली की शनिवारची सांज परत आली. जितेंद्रच्या दुकानात तो ताटली घेऊन उभा होता तो यासाठी. बल्बचं नुसतं निमित्त होतं.

"हाच दे," तो म्हणाला. "सहा हजारवाला."

"काका, खरं सांगू?" जितेंद्र म्हणाला. "मले काय, मी कोणतंही विकीन. पण तुमच्या गाडीत जुन्या घडणीचा रिफ्लेक्टर आहे. त्याच्यात झेनॉन टाकला का उजेड चौफेर उडते, समोरच्याचे डोळे दिपते. त्याच्यापेक्षा नवा हॅलोजन टाका, अन् हेडलाइटची काच घासून बफ करून घ्या. पिवळी पडून राहिली."

"चार हजारापेक्षा सहा हजारात उजेड जास्त, का कमी?"

"आकडा उजेडाचा नाही ना काका, रंगाचा आहे."

"मले नको शिकवू गा. ताटली पाह्य."

आता काय म्हणावं या माणसाला! स्टीलच्या पत्र्याच्या गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे रोज दहा गिऱ्हाइकांना समजावून सांगणारा माणूस हा. काळवंडलेली परात बफ केली की नवी होते, हे दुकानात बसून छाती ठोकून सांगणाराही हाच. पण पायरीवर चप्पल काढून ठेवावी तसं ते शहाणपण त्याच्या दुकानातच राहून गेलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि ताराचंदची गरज मोठी होती.

जितेंद्रने वायरी जोडल्या, दोन लहान डबे इंजिनाजवळ कसले. काम करता करता तो म्हणाला, "अन् काका, या किटमध्ये एकच फोकस राहते. डिपर मारला तरी समजणार नाही. चालते ना?" ताराचंद त्या वेळी ताटली वळवून वळवून वाकडी मात्रा पाहत होता. त्याला फक्त 'चालते ना' ऐकू आलं.

"हाव, हाव. लाव."

जुने बल्ब जितेंद्रने पेपरात गुंडाळून डिकीत ठेवले आणि ताराचंद ताटली बगलेत मारून खुशीत घरी गेला.

शनिवारी इतवारीत दिवे लागले तसं त्याने शटर ओढलं. प्रेमिलाला काही सांगितलं नव्हतं. वळणावर डिपर मारायचा आणि तिचा चेहरा पाहायचा, असा बेत होता. सोबत तिच्या आवडीची बालूशाही घेतली. शहर सुटेपर्यंत त्याला फार भारी वाटत होतं. पाट्या लखलखत होत्या, मैलाचे दगड लखलखत होते, पुढच्या ट्रकमागचं नावसुद्धा कोरल्यासारखं वाचता येत होतं. "वा रे पठ्ठे!" तो स्वतःशीच म्हणाला.

मग रस्त्यावरचे दिवे संपले. समोरून येणारा पहिला ट्रकवाला हॉर्न दाबूनच गेला. दुसऱ्याने काच खाली करून ताराचंदच्या मातोश्रींची आठवण काढली. तिसऱ्याने सूड म्हणून आपले सगळे दिवे याच्या तोंडावर सोडले. वावरांत काडीकचरा जाळल्याचा धूर दवाबरोबर रस्त्यावर उतरला होता. त्या धुरात पांढरा उजेड शिरला तो तिथंच अडून बसला, दुधाचा पडदा लावावा तसा. पडद्याच्या पलीकडे डांबर कुठं आणि कडेचा खड्डा कुठं, काही कळेना. एक काळं कुत्रं अगदी चाकाजवळ आल्यावर दिसलं. स्टील चमकवणारा उजेड वेगळा आणि रस्ता दाखवणारा वेगळा, हे त्याला तेव्हा कळलं. रस्ता कुठं स्टीलचा होता? पण परत फिरायचं त्याच्या जिवावर आलं. बैलगाडीच्या चालीने गाडी रेटत, जीव मुठीत धरून, तो खाप्याच्या वळणापर्यंत आला.

आणि गच्चीवर त्याला ती दिसली. अंगावर शाल, कठड्याला टेकलेली. माणूस चालीवरून ओळखू येतो. ताराचंदला तिचं उभं राहणंही ओळखू आलं. त्याने डिपर मारला. एकदा. दोनदा.

काहीच झालं नाही. समोरचा उजेड होता तसाच भगभगत राहिला. त्याने पुन्हा मारला, पुन्हा मारला, खटखट आवाज नुसता. गच्चीवर प्रेमिलाने डोळ्यांवर आडवा हात धरला, क्षणभर थांबली, आणि पाठ फिरवून खाली निघून गेली.

"अबे ओय! लाईट बंद कर ना! आंधळं करतं का लोकाइले?" वळणावरच्या पानठेल्यातून आवाज आला. ठेलेवाला गोविंदा हातातला चुना पुसत बाहेर आला, गाडीजवळ वाकला आणि चपापला. "अरे! जवाईबुवा? तुम्ही होय? मले वाटलं कोण पोट्टं आलं लग्नाच्या वरातीतलं."

ताराचंदने दिवे बंद केले. "प्रेमिलानं पाहिलं का मले?"

"पाहिलं असतं तर अशी डोळे झाकून, पाठ फिरवून गेली असती का? तुमची गाडी म्हंजे पिवळे मिणमिण दिवे. मीबी इथून ओळखतो. हे असे दिवे पाहून कोण म्हणीन जवाई आले म्हणून?" गोविंदाने उसासा सोडला. "अन् आज जास्तच वेळ उभी होती बिचारी."

"जास्तच वेळ म्हंजे?"

"आता तुम्हाले माहीत नाही का? दर शनिवारी राहते. अंधार पडला का येते वर, अन् या वळणाकडे पाहत उभी राहते. मी एकदा विचारलं, ताई, कोणाची वाट पाहून राहिली? तर म्हणे, बाबांचे कपडे काढाले आली."

शपथ घालणारी ती, आणि वाट पाहणारीही तीच. तो तिकडे रिकाम्या पायरीवर चहा पीत होता, त्याच वेळी ती इथं गच्चीवर उभी होती, सबंध वर्षभर, आणि दोघांपैकी एकानेही मोबाइलवर ते सांगितलं नव्हतं. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का. त्याला स्वतःचाच राग आला.

गाडी तिथंच ठेवून तो पायी गेला. दार प्रेमिलाने उघडलं.

"अगबाई! तुम्ही? या वेळेले?" तिचा चेहरा उजळला आणि लगेच करडा झाला. "अंधारात आले? माझी शपथ मोडली?"

"मोडली नाही वं. गाडीले उजेड घातला. झेनॉन."

"म्हंजे आता वळणावर होती ती तुमची गाडी? तो उजेड होय? डोळे फुटले माझे! अन् खरं सांगा, तुम्हाले तरी दिसत होतं का त्याच्यात?"

ताराचंद खोटं बोलण्यात कच्चा. "नाही," तो म्हणाला. "पण ताटलीवर लय छान दिसला होता."

"तुमचं काहीतरीच!"

आतून देवरावांनी जड जिभेने विचारलं, "कोण व्हय?"

"जवाई आहे बाबा. झोपा तुम्ही."

ताराचंद तिच्याकडे पाहत होता. "गच्चीवर काहून उभी होती?"

"कपडे काढाले."

"कोठी आहेत कपडे?"

तिचे हात रिकामे होते. तिने ते शालीत लपवले, मग लपवून काय उपयोग म्हणून बाहेर काढले. "येऊ नका म्हणून शपथ मीच घालतो, अन् येतीन म्हणून मीच उभी राहतो," ती म्हणाली. "हसा आता."

तो हसला नाही. तिनेच डोळे पुसले आणि मग जरा रागाने बोलली, "तुमच्या कधी डोक्यातच नाही आलं का? डोळे कापून घेतले, दिवे बदलले, सारं केलं. शनिवारी दुपारीच शटर ओढायचं, हे नाही सुचलं? उजेडी निघायचं, उजेडी पोहोचायचं. एक दुपार दुकान बंद राहिलं तर काय इतवारी ओस पडते?"

शनिवारची दुपार म्हणजे लग्नाच्या भांड्यांचं गिऱ्हाईक, तेव्हा दुकान बंद ठेवायची गोष्ट ताराचंदच्या बापजाद्यांच्याही मनात आली नव्हती. "मग तू काहून नाही म्हटलं?" त्याने विचारलं.

"मी म्हटल्यावर आले असते तुम्ही. मले तुम्ही आपल्या मनानं यायला पायजे होते."

एक वर्षाच्या सांजा गेल्या त्या गेल्याच होत्या. त्या रात्री चहा झाला, पण बालूशाहीचा पुडा गाडीतच राहिला.

सोमवारी ताराचंद जितेंद्रकडे गेला. या वेळी ताटली नेली नाही. डिकीतले जुने बल्ब काढून त्याच्या हातात दिले.

"हेच परत लाव. अन् काच बफ कर."

"मी काय म्हटलं होतं काका?"

"तू लय शहाणा आहे. लाव."

शनिवारी दुपारी इतवारीत ताराचंद परातेचं शटर खाली आलं, तेव्हा शेजारच्या दुकानदाराने "घरी सगळं बरं आहे ना?" म्हणून घाबरून विचारलं. ताराचंद म्हणाला, आता बरं होऊन राहिलं. तो उन्हातच निघाला आणि उन्हातच खाप्याच्या वळणावर पोहोचला. पण तिथून पुढे जाईना. गाडी कडेला लावली, गोविंदाच्या ठेल्यावरच्या बाकावर जाऊन बसला.

"जवाईबुवा, घर तर समोर दिसून राहिलं. जा ना!"

"थांब गा. अंधार पडू दे."

गोविंदाने कपाळावर हात मारला आणि त्याला पान लावून दिलं. ऊन उतरलं. नदीकडून गार वारं सुटलं. दूरच्या संत्र्याच्या बागा आधी निळ्या झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. गच्चीवर शाल पांघरलेली बाई येऊन उभी राहिली. ताराचंद उठला, गाडीत बसला आणि दिवे लावले. बफ केलेल्या काचेतून पिवळा उजेड रस्त्यावर पडला, डांबर दिसलं, कडेचं गवत दिसलं. त्याने डिपर मारला. एकदा. दोनदा.

गच्चीवरची बाई लगबगीने खाली गेली.

तो दारात पोहोचला तेव्हा चहा उकळत होता. बाबा झोपले होते. दोघं पायरीवर बसली. ताराचंदला राहवेना.

"तुले माहीत आहे का, मी कधीचाच येऊन बसलो होतो तिथी."

"माहीत आहे. तुम्ही आले तेव्हाच सैपाकघराच्या खिडकीतून पाहिलं म्या."

"मग हाक काहून नाही मारली?"

प्रेमिलाने कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"डिपर पाहाचा होता मले," ती म्हणाली.